तीन घोडे, एकच स्वार: डिसेंबरच्या इव्हेंटिंगपर्यंतच्या नोंदी

१४ जून

मृगानं जोर धरलाय, माळावरचा सकाळचा कॅंटर (मध्यम दौड) बंद, हातात वेळ आहे म्हणून नोंदी सुरू करतोय. डिसेंबरात बेंगळूरला इव्हेंटिंगची स्पर्धा आहे, म्हणजे त्याच घोड्यावर आधी ड्रेसाज (ठरलेल्या चाली करून दाखवायच्या), मग क्रॉसकंट्री (मोकळ्या रानातल्या पक्क्या उड्या) आणि शेवटी शो जंपिंग (धक्का लागला की पडणारे पोल). ९० सेंटीमीटर उंचीच्या उड्यांचा गट, त्यात तीन घोडे उतरवायचे ठरलंय आणि तिन्हींवर स्वार मीच. आमच्या बेळगावच्या खानापूर रोडच्या पट्ट्यात घोडं म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर एकतर यात्रेतली घोडागाडीची शर्यत येते नाहीतर वरात, त्यामुळं उड्या बांधण्यापासून सगळं आपल्याच रानात. कुणाला असंच काही करायचं असेल तर आमचे पैसे कुठं गेले आणि वेळ कुठं गेला ते कळावं एवढ्यासाठी हे लिहितोय.

घोडे असे. तात्या, चौदा वर्षांचा कुमैत (तांबूस अंग, काळी आयाळ), समोर काहीही आलं तरी कान टवकारून उडी मारणार, पण ड्रेसाजमध्ये ओंडक्यासारखा ताठ. कॉफी, रेसकोर्सवरनं निवृत्त झालेली थरोब्रेड घोडी, चाल बघत राहावी अशी, डोकं मात्र एकदा तापलं की लवकर खाली येत नाही. भिंगरी, काठेवाडी क्रॉस, आधी चिकोडीकडं गाडीला पळायची, तिची दुडकी बघून लोक गाडी थांबवतात, पण डाव्या अंगाच्या कॅंटरला पाय चुकतो (डावा पुढं टाकायचा तिथं उजवा टाकते) आणि पाण्यात पाऊल घालायचं म्हटलं की मागं सरते.

मदतीला मोतद्दार मामा आणि बारावी झालेली पुतणी.

३ जुलै

वखारीतनं नीलगिरीचे वासे आणले, साडेतीन मीटर लांब, चार इंची, एक ३५० रुपयाला पडला. शो जंपिंगचे पोल करायचे होते. ओले वासे शेडमध्ये रचून ठेवले तर पंधरवड्यात निम्मे पिळले आणि टोकाला फाटले. पिळलेला पोल खांबावरच्या टेकूत (कपात) नीट बसतच नाही, एकतर वाऱ्यानं पडतो नाहीतर अडकून राहतो. आणि ओला वासा एवढा जड असतो की घोड्याचा पाय लागला तरी तो जागचा हलत नाही, मग आपल्याला वाटतं राउंड क्लिअर झाली. कॉफी दोन दिवस असंच पाय घासत गेली आणि आम्ही खूश.

आता पोलसाठी पाइनचं लाकूड घेतलंय, जरा महाग पण सरळ राहतं आणि वाळल्यावर हलकं. नीलगिरी क्रॉसकंट्रीच्या पक्क्या उड्यांना वापरणार, तिथं जडच पाहिजे, कारण ती उडी पडायची नसते. फक्त वरचं लाकूड गोल आणि साल काढलेलं पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी एवढं घट्ट आवळलेलं की घोड्याच्या छातीचा धक्का बसला तरी गरगर फिरता कामा नये. नुसती तार गुंडाळून चालत नाही, तार सैल होते. नट-बोल्ट आणि पट्टी.

२४ जुलै

तिघांच्याही खुरात थ्रश. खालची मऊ गादी काळी पडली, वास येतो. भिंगरीचं सगळ्यात जास्त, हुक फिरवला की पाय झटकते. दोष बिछान्याचा. लाकडाचा भुसा घालत होतो, या पावसात तो पाणी धरून ठेवतो. खानापूरच्या राइस मिलमधनं भाताचं तूस आणलं, जवळजवळ फुकट मिळतं, पाणी खाली निघून जातं. रोज खूर घासून, कोरडं करून, कापसाच्या बोळ्यावर मोरचूद चिरेत दाबून ठेवायचं. मोरचूद जास्त घातलं तर जिवंत भाग जळतो, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय.

तोवर उड्या बंद, नुसतं डांबरी रस्त्यावर चालवणं. तेही बरंच म्हणायचं, पायाच्या शिरा कडक होतात.

९ सप्टेंबर

गणपती आटोपले. विसर्जनाच्या डीजेचा एक फायदा झाला, घोड्यांना आवाजाची सवय झाली. कॉफी पहिल्या दिवशी भिंतीला चिकटून उभी होती, शेवटी शेवटी वैरण खात होती.

पाण्याच्या उडीची जागा खणली. नियमाप्रमाणं पाणी ३५ सेंटीमीटरच्या वर चालत नाही, आम्ही वीतभर धरलं. खाली ताडपत्री, तिच्यावर मुरूम, असा बेत होता. तात्याला घातलं तर तिसऱ्या फेरीला नालेनं ताडपत्री फाटली, मुरुमाचा चिखल झाला आणि त्याचा पाय घोट्याच्या वरपर्यंत रुतला. तात्यासारखं घोडं बाहेर येऊन वळून त्या खड्ड्याकडं बघायला लागलं तेव्हाच कळलं की हे बंद करायला पाहिजे. घोडं पाण्याला घाबरतं असं आपण म्हणतो, खरं तर ते तळाला घाबरतं. तळ एकदा फसला की पुढं महिनाभर विश्वास नाही.

त्यात शेजारच्या म्हशींना जागेचा पत्ता लागला. दुपारी जाऊन बघतो तर चार म्हशी आत निवांत बसलेल्या. भोवती बाभळीच्या फांद्या लावल्या.

२८ सप्टेंबर

अंतरांचं काम. दोन उड्यांच्या मधे एक झेप घ्यायची असेल तर साडेसात मीटर धरतात, दोन झेपांना साडेदहाच्या पुढं. हिशोब असा की घोड्याची कॅंटरची एक झेप साधारण ३.६० मीटर, आणि उतरायला नि उठायला मिळून तेवढंच. माणसाची चार पावलं म्हणजे घोड्याची एक झेप, पण त्यासाठी आपलं पाऊल बरोबर ९० सेंटीमीटरचं पडायला पाहिजे, म्हणून पुतणीनं अंगणात खडूनं रेघा मारून माझ्याकडनं चालून घेतलं.

तीन घोड्यांचा खरा घोळ इथं येतो. कॉफीला साडेसात मीटर अपुरं पडतं, ती उडीच्या बुडाशी जाते. भिंगरी लहान चणीची, तिला तेच अंतर लांब. मग काय, प्रत्येक घोड्याला पोल हलवायचे? सुरुवातीला हलवत बसलो, सकाळचा अर्धा वेळ पोल उचलण्यात जायचा. आता अंतर तेच ठेवतो आणि घोड्यानुसार वेग बदलतो, कॉफीला आधीच मागं बसून आवरायचं, भिंगरीला वळणापासनंच पुढं ढकलायचं. स्पर्धेत काय आपल्यासाठी कुणी उडी सरकवणार नाही.

भिंगरीच्या डाव्या कॅंटरला औषध सापडलं ते चढावर. सपाटीवर मागितलं की चुकते, माळाच्या चढाला डावीकडं वळत मागितलं की बरोबर पाय टाकते.

१२ ऑक्टोबर

पाऊस उघडला. पाण्याची उडी परत पहिल्यापासनं. ताडपत्री काढून टाकली. नऊ इंच दगडी सोलिंग, त्यावर मुरूम, पाणी मारून रोलर, मग दोन इंच क्रशरची डस्ट, परत रोलर. रोलर गावात रस्त्याच्या कामाला आलेला, संध्याकाळी सुटल्यावर दोन तासासाठी मिळाला. मुरुमाचे डंपर, दगड, डस्ट, रोलर धरून अठ्ठावीस हजार गेले, आणि पहिल्या वेळचे अकरा पाण्यात, अगदी शब्दशः. पाणी टॅंकरनं भरलं. लाल माती असल्यानं थोडं जिरतं, दर चार दिवसांनी भर घालावी लागते, त्याला इलाज नाही.

आत जायचा उतार अगदी हलका ठेवलाय. आधी घोड्याला कोरड्या तळावरनं चालवलं, मग घोटाभर पाणी, मग पूर्ण. तात्या पुढं, भिंगरी त्याच्या शेपटीला. ती काठावर थांबली, नाक पाण्याला लावलं, फुरफुरली, एक पाय घालून तळ खरवडला, ठण्ण आवाज आला तशी दुसरा पाय घातला. तिथंच थांबलो. त्या दिवशी अजून एक फेरी मारायचा मोह होतो, मारायची नाही.

६ नोव्हेंबर

कॉफीला पोटशूळ.

गुऱ्हाळासाठी शेजारी ऊसतोड चालू होती, तिथल्या कुणीतरी कौतुकानं भारा भर वाडं तिच्या पुढ्यात टाकलं. गुराला चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही, पण ते त्यांना कोण सांगणार, चांगल्या मनानंच दिलेलं. मामांनी संध्याकाळी बघितलं तर लीद नाही, पोटाकडं वळून वळून बघतेय, पुढच्या पायानं जमीन खरवडतेय, अंगाला घाम. डॉक्टर येईपर्यंत तिला लोळू न देता चालवत ठेवली. नाकातनं नळी घालून पॅराफिन दिलं, वेदनेचं इंजेक्शन, सलाइन. पहाटे लीद पडली तेव्हा मामा म्हणाले, "झालं, सुटली बघा." एवढ्या आनंदानं लीद कुणी बघितली नसेल.

आता आठवडाभर नुसतं चालणं, खुराक हळूहळू वाढवत न्यायचा. म्हणजे दमसासाचा बेत कोसळला. दर चौथ्या दिवशी पाच पाच मिनिटांचे तीन कॅंटर, मधे तीन मिनिटं चाल, असं चाललं होतं, त्यातले ऐन महत्त्वाचे हुकले. तबेल्याच्या दाराला पाटी लावली: घोड्यांना काहीही घालू नका, मराठीत आणि कन्नडमध्ये.

घरात परत तोच विषय निघाला, तीन तीन कशाला, एकच घोडा नीट कर की. माझं उत्तर हेच आहे, घोडं कधी जायबंदी होऊन बसेल सांगता येत नाही. आपला इव्हेंटिंगचा स्वार फुआद मिर्झा, त्यानं टोकियो ऑलिंपिकचा कोटा मिळवला तो फर्नहिल फेसटाइम आणि टचिंगवुड या घोड्यांच्या जोरावर, प्रत्यक्ष टोकियोत उतरला तो सेन्योर मेडिकॉटवर आणि २३वा आला. तिकडं इंग्लंडात लुसिंडा ग्रीननं बॅडमिंटन (गावाचं नाव, तिथली इव्हेंटिंगची मोठी स्पर्धा) सहा वेळा जिंकलं, १९७३ ते १९८४ मधे, सहाही वेळा घोडा वेगळा. इयन स्टार्कनं तर १९८८ ला तिथं पहिला आणि दुसरा दोन्ही नंबर स्वतःच घेतले. वहिनी म्हणाल्या, त्यांच्याकडं मोतद्दार किती होते ते पण सांगा. त्यावर काही बोलता आलं नाही.

१८ नोव्हेंबर

बेंगळूरला डिसेंबरात सकाळचं गवत दवानं ओलं असतं, म्हणून मागच्या नालांना स्टड (घसरू नये म्हणून नालेत पिळून बसवायच्या खुंट्या) लावायचे, प्रत्येक नालेला दोन. स्टड ऑनलाइन मागवले. नालबंद मामा गोकाककडनं येतात, त्यांना नालेत भोकं पाडून आटे पाडायला सांगितलं, "आगतद री", म्हणजे होतंय की, म्हणाले आणि केलेही सुबक. स्टड लावायला गेलो तर बसेनात. आटे १० एमएमचे, स्टड तीन सुताचे, म्हणजे ३/८ इंची. दोन्हीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक, त्यामुळं हातानं दोन वेढे फिरतात आणि मग सैल डुगडुगतात. असा स्टड उडीच्या आधी निसटला तर पाय घसरलाच.

नाल परत काढायची तर खुराची भिंत कमकुवत होते, आठ-दहा दिवसांत दुसऱ्यांदा खिळे नको. मग उलटं केलं. उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडं गेलो, नमुना दाखवला, त्यानं १० एमएमच्या आट्याचे स्टड कातून दिले, टोक हार्ड करून. घोड्याच्या पायाला बोल्ट कशाला म्हणून तिथली सगळी पोरं गोळा झाली. विकतच्या निम्म्या किमतीत पडले आणि जास्त चांगले आहेत.

एक लक्षात ठेवायचं, रिकाम्या भोकात वाळू आणि खडी घट्ट बसते, स्पर्धेच्या सकाळी ती काढत बसलात तर गेलाच वेळ. तेलात बुडवलेला कापूस आदल्या दिवशीच भरून ठेवायचा, खिळ्यानं उपसला की भोक स्वच्छ.

२६ नोव्हेंबर

ग्लँडर्सच्या (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) तपासणीचे रिपोर्ट आले, तिन्ही निगेटिव्ह. रक्ताचे नमुने लॅबला पोचून कागद हातात पडेपर्यंत धाकधूक असते, म्हणून लवकर पाठवावेत. रिपोर्टवर घोड्याचं वर्णन असतं, कपाळावरचा चांद, पायाचे पांढरे, ते पासपोर्टशी जुळतंय का लगेच बघून घ्या. भिंगरीच्या कागदावर मागचा डावा पांढरा लिहिला होता, आहे उजवा. दुरुस्ती करून आणण्यात दोन दिवस.

आजपासनं तिघांच्या पाण्यात चमचाभर काकवी. प्रवासात घोडं परक्या गावचं पाणी तोंडाला लावत नाही, काकवीची चव ओळखीची असली की पितं. गुऱ्हाळाचा एवढा तरी फायदा.

१० डिसेंबर

रात्री नऊला निघालो, दिवसा हायवेला चढेपर्यंत उसाच्या ट्रॉल्या जीव नको करतात. धारवाड, हुबळी, हावेरीला पहिला थांबा, चित्रदुर्गच्या पुढं दुसरा. पाचशे किलोमीटर म्हणजे कारनं काय वाटत नाही, पण घोड्यांचा ट्रक आवरून चालवायचा, ब्रेक हळू. जाऊन येऊन ४८ हजार ठरले. काकवीचं पाणी तिघंही प्याली. कॉफी मधल्या कप्प्यात, दोन्हीकडं ओळखीचं घोडं असलं की शांत राहते.

१२ डिसेंबर, ड्रेसाज

गुण जेवढे कमी तेवढं चांगलं. कॉफी ३१.८, गटात वरच्या पाचात. तात्या ३८.४, त्याच्या मानानं उत्तम. भिंगरी ४१.०, डावा कॅंटर बरोबर आला पण उजवीकडं वळताना गाडीची आठवण झाल्यासारखी दुडकीतच पळायला लागली.

तिघांचा वॉर्म-अप वेगळा. कॉफीला पाऊण तास लागतो, तात्याला पंधरा मिनिटं पुरतात, त्यापेक्षा जास्त दिलं तर दमून जातो. आधी या वेळांचा तक्ता पुतणीच्या हातात दिला होता, तिनंच घड्याळ धरून मला हाका मारल्या. स्वारानं स्वतः वेळ बघायची नाही, एवढं जरी केलं तरी बराच गोंधळ कमी होतो.

१३ डिसेंबर, क्रॉसकंट्री

कोर्स २४०० मीटर, वेग मिनिटाला ४५० मीटर, म्हणजे ५ मिनिटं २० सेकंद. उशीर झाला की दर सेकंदाला ०.४ दंड. चाक फिरवून अंतर मोजलं आणि प्रत्येक ४५० मीटरला काय येतं ते हातावर चिकटपट्टीवर लिहिलं: पहिला मिनिट संपतो तिथं बाभूळ, दुसरा पाण्याच्या आधी, असं.

क्रम तात्या, कॉफी, भिंगरी. तात्या पहिला घ्यायचा कारण जमीन कशी लागते ते त्याच्यावर कळतं. क्लिअर, सहा सेकंद उशीर, २.४.

कॉफी तयार करून स्टार्टला नेली आणि कोर्स थांबवला. पुढच्या एका स्वाराचं घोडं उडीला धडकलं होतं, वरचं लाकूड बदलायला लागलं. स्वार ठीक होता. पण आम्ही जवळजवळ अर्धा तास तिथंच. थांबवलं की घोड्याचं काय करायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. चालवत ठेवली, तंग सैल केला, तरी दुसरं घोडं हललं की ही उभी राहते मागच्या पायावर. शेवटी सोडलं तेव्हा ती आधीच तापलेली. पहिल्या तीन उड्या तिनं माझं काही ऐकलंच नाही. चौथीपासनं ठरवलं की घड्याळ विसरायचं, पोटशुळानंतर दमसासही कमीच होता. प्रत्येक उडीच्या आधी आवरून दुडकीपर्यंत आणली. क्लिअर, पण ३८ सेकंद उशीर, १५.२. वरच्या पाचातनं गेलो ते गेलोच. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पायांवर परत आली.

आणि मग भिंगरी. ठरल्याप्रमाणं कॉफी आणि भिंगरी यांच्यात बारा घोड्यांचं अंतर होतं, दर चार मिनिटाला एक, म्हणजे ४८ मिनिटं. खोळंबा भरून काढायला त्यांनी अंतर तीन मिनिटांवर आणलं, झाली ३६. त्यात मी कॉफीवरनं उतरणार, खोगीर बदलणार (क्रॉसकंट्रीचं एकच आहे), नंबर बदलणार, पाणी पिणार. पुतणी तिला चालवत फिरवत होती, पण उड्यांचा सराव स्वारानंच द्यायचा असतो. तिला दोन सरावाच्या उड्या मिळाल्या आणि निघालो. पाण्याजवळ थांबली. थेट नाही म्हणाली, २० दंड. वळवून परत आणली, नाक खाली घातलं, फुरफुरली आणि गेली. वेळेचे ९.६.

१४ डिसेंबर, शो जंपिंग

सकाळी तिघंही तपासणीत पास. तात्या क्लिअर. कॉफीचा एक पोल, ४. भिंगरीचे दोन, ८.

शेवट असा: तात्या ४०.८, कॉफी ५१.०, भिंगरी ७८.६. म्हातारा सगळ्यात पुढं.

२१ डिसेंबर

घोडे माळावर मोकळे. पुढच्या खेपेसाठी एवढं बदलतोय. दुसरं क्रॉसकंट्री खोगीर, जुनं मिळालं तरी चालेल, भिंगरीच्या मापाचा तंग लावून आधीच तयार ठेवायचं. कॉफी सगळ्यात पहिली, तिला थांबणं जमत नाही. तात्या मधे, त्याला पंधरा मिनिटं पुरतात, वेळ आखडला तरी तो निभावतो, आणि भिंगरीला मागं मोकळा वेळ मिळतो. जमीन कशी लागते ते कॉफीवर कळलं तर कळलं. प्रवेश भरतानाच आयोजकांना सांगणार की तिन्ही घोड्यांत निदान पंधरा जणांचं अंतर द्या.

आणि भिंगरीला दुसरं पाणी दाखवायला पाहिजे, आमच्या एकाच खड्ड्याची सवय होऊन उपयोग नाही. मलप्रभेला उन्हाळ्यात पाणी उतरलं की घेऊन जाईन, तळ खडकाळ आहे तिथं आधी स्वतः उतरून बघून.

नालबंद मामा मंगळवारी येणार आहेत. यावेळी आट्याचं माप कागदावर लिहून दिलंय, १० एमएम.